बाबांचा गुडघा, आईंची माळ आणि चौदा रेस्टॉरंटं

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला असतो. सासू-सासरे घोलवडहून सहा महिन्यांसाठी आलेत. एप्रिलमध्ये मुलांच्या शाळेला सुट्टी आहे तेव्हा सगळ्यांनी मिळून ऑल-इन्क्लुझिव्ह, म्हणजे राहणं-खाणं-पिणं सगळं एकाच पॅकेजमध्ये असलेल्या बीच रिसॉर्टला जायचं ठरतंय, सहा रात्री. नवऱ्याला डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या पुंता कानाचं एक रिसॉर्ट आवडलंय, १४ रेस्टॉरंटं, ६ पूल, फोटो तर बघतच राहावेत असे. माझ्या मनात मेक्सिकोतल्या कॅनकुनचं एक लहानसं आहे, त्यात ५च रेस्टॉरंटं. आई माळकरी आहेत, अंडंही नाही, एकादशी पाळतात. बाबा ७१ चे, एक गुडघा बदललाय, मासे आवडीने खातात. मुलं ९ आणि ४ वर्षांची. दारू कोणीच घेत नाही, नवरा कधीतरी बिअर. आम्हा दोघांचं ग्रीनकार्ड आहे, आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर. रिव्ह्यू वाचून वाचून डोकं गरगरतंय. खरं सांगू का, मला भीती ही वाटते की सहा दिवस मी 'आईंनी काय खाल्लं' याच्याच मागे फिरणार. सुट्टी मलाही हवीय. आणि आईंना हे सगळं विचारायचं कसं, त्यांना आपली अडचण होतेय असं न वाटता?"

तू मला ताई म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते.

सगळ्यात आधी ते १४ आणि ५ डोक्यातून काढून टाक. मी माझ्या आईला घेऊन कॅनकुनच्या खालच्या बाजूला, रिव्हिएरा मायात एका मोठ्या रिसॉर्टला गेले होते, तेव्हा मीही आकडाच बघितला होता. ११ रेस्टॉरंटं होती. तिसऱ्या दिवशी दुपारी आई खोलीत बसून सोबत आणलेला चिवडा खात होती आणि मला म्हणाली, तू जा गं, मला भूक नाहीये. ती भूक नसलेली नव्हती, तिला पुन्हा बारा मिनिटं उन्हात चालत त्या बुफेपर्यंत जायचं नव्हतं, आणि तिथं जाऊनही ताटात काय घ्यायचं हे मला विचारत उभं राहायचं नव्हतं. तो प्रसंग मला आजही टोचतो, म्हणून तुला इतकं सविस्तर लिहितेय.

आता ते १४ एकेक करून उलगडून बघ. एवढ्या मोठ्या रिसॉर्टच्या यादीत साधारण काय काय असतं, तर एक स्टेकहाऊस, एक सीफूड, एक ब्राझिलियन जिथे मांसाच्या सळया टेबलापाशी घेऊन फिरतात, एक जपानी तेप्पान्याकी, एखादं फक्त मोठ्यांसाठी म्हणजे मुलं नकोत, एक-दोन फक्त नाश्त्याला उघडी, एक स्पोर्ट्स बार, एक कॉफीचं दुकान तेही त्याच आकड्यात धरलेलं. हे सगळं वजा केलं की आईंसाठी उरतात बुफे, इटालियन, मेक्सिकन किंवा तिथलं स्थानिक, आणि नशीब असेल तर एखादं भारतीय. म्हणजे चारच. तेप्पान्याकीला तर त्यांना नेऊच नकोस, तिथे सगळे एका तव्याभोवती बसतात आणि समोरच त्याच तव्यावर आधी कोळंबी, मग मांस, मग भात परततात, मुलांना मजा येते पण माळ घातलेल्या बाईला तासभर तिथं बसवणं बरं नाही. मुलांना नवरा नेईल, तू आणि आई त्या संध्याकाळी बुफेला निवांत बसा.

तुलना करायची ना, तर एक कागद घे आणि दोन्ही रिसॉर्टांचा नकाशा उघड, बहुतेकांच्या साईटवर असतो. मग त्या नकाशावर आईंचा एक दिवस चालवून बघ. पहाटे पाचला जाग, चहा कुठे मिळणार. सातला नाश्ता, खोलीपासून किती लांब. अकराला समुद्र, सावलीत खुर्ची कुठे. दुपारी दीडला जेवण, मग वामकुक्षी, साडेचारला परत चहा आणि काहीतरी तोंडात टाकायला, आणि रात्रीचं जेवण कितीला. घोलवडला साडेसातला जेवणारी माणसं ही, आणि तिथली बरीचशी ऑर्डर देऊन खायची रेस्टॉरंटं संध्याकाळी सहा-साडेसहाला उघडतात, पण टेबल मिळायला आठ-साडेआठ होऊ शकतात, चार वर्षांचं पोर तोवर झोपून जातं. एक दिवस असा चालवलास की कुठल्या रिसॉर्टमध्ये दिवस अडखळतो ते आपोआप दिसेल, मला विचारायची गरज राहणार नाही.

तरी विचारलंयस तर माझं मत सरळ सांगते, कॅनकुन. आणि कारण जेवण नाही, बाबांचा गुडघा आहे. पुंता काना-बाव्हारोकडची रिसॉर्टं बहुतेक पसरलेली आणि कमी उंचीची असतात, तीन-चार मजली इमारती बागेत विखुरलेल्या, कित्येकांना लिफ्ट नाही, आणि खोली ते बुफे ते समुद्र यासाठी गोल्फ कार्टसारखी गाडी फिरते तिची वाट बघत उभं राहायचं. दिसायला फार सुंदर, झाडी, मोर वगैरे. कॅनकुनच्या हॉटेल झोनमध्ये जागाच चिंचोळी, एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला निचुप्ते नावाची खाडी, मध्ये वाळूची पट्टी, म्हणून तिथली हॉटेलं उंच उभी बांधलेली. लिफ्टने खाली आलं की लॉबी, लॉबीतून बुफे, बुफेतून पूल आणि पलीकडे समुद्र. बदललेल्या गुडघ्याच्या माणसाला हे सोन्यासारखं आहे, कारण त्याला मनात आलं की उठून एकट्याला खोलीत जाता येतं, कोणाला विचारावं लागत नाही. बाबांसारख्या माणसाला, ज्याने जन्मभर वाडीत स्वतःच्या मनाने ये-जा केली, त्याला सारखं 'गाडी बोलवा' म्हणणं जड जातं.

पण कॅनकुनमध्येही जागा बघून घे. ती पट्टी इंग्रजी सातच्या आकड्यासारखी आहे. रस्ता एकच, बुलेवार्द कुकुलकान, आणि पत्ते किलोमीटरवर सांगतात. साधारण किलोमीटर ३ ते ९ ची बाजू उत्तरेकडे तोंड करून आहे, तिथलं पाणी शांत, उथळ, लहान मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना उतरता येतं. सातच्या उभ्या दांड्याकडची, पूर्वेची बाजू उघड्या समुद्राची, रंग फोटोत जास्त निळा दिसतो पण लाटा आणि ओढ जोरदार, कित्येक दिवस लाल बावटा असतो. तू मनात धरलेलं हॉटेल कितव्या किलोमीटरला आहे ते बघ, चौदाव्या-सोळाव्याला असेल तर बदल.

आणि एप्रिल म्हणजे सरगॅसमचा विषय निघणारच. हे तपकिरी समुद्री शेवाळ २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यावर प्रचंड प्रमाणात यायला लागलं, मार्च-एप्रिलपासून वाढतं आणि उन्हाळाभर राहतं, किनाऱ्यावर साचून कुजलं की सडक्या अंड्यासारखा वास येतो. सगळ्यात जास्त फटका पूर्वेकडे उघड्या किनाऱ्यांना, म्हणजे प्लाया देल कार्मेन-तुलुमची बाजू आणि पुंता काना-बाव्हारो दोन्ही. कॅनकुनची उत्तरेची बाजू आणि समोरचं इस्ला मुहेरेस बेट तुलनेने आडोशाला आहे. डॉमिनिकनलाच जायचं असेल तर बायाहिबेची बाजू जास्त शांत असते, पण तिथे विमानतळापासून लांब पडतं. कुठलंही रिसॉर्ट 'आमच्याकडे शेवाळ येत नाही' असं लिहून देत असेल तर विश्वास ठेवू नकोस, गेल्या एप्रिलमधले पाहुण्यांनी काढलेले फोटो शोध, रिसॉर्टने काढलेले नको.

आता जेवण, ज्याच्यासाठी तू पत्र लिहिलंस.

मेक्सिकोत शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण फसतो. घेवड्यासारख्या काळ्या किंवा तपकिरी दाण्यांची जी घोटलेली उसळ असते, फ्रिहोलेस, ती बघून आपल्याला वाटतं वा, आपलंच काहीतरी, आणि त्यात बऱ्याचदा डुकराची चरबी असते, मान्तेका म्हणतात. भात पांढरा नसला, लालसर असला तर तो कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो. भाजीचं सूप म्हणून येतं त्याचाही रस्सा तोच. माझ्या आईला पहिल्याच दिवशी असं सूप दिलं गेलं, मी 'व्हेजिटेरियन' म्हणून सांगितलं होतं तरी, वाढणाऱ्या मुलाच्या मनात लबाडी नव्हती, त्याच्या हिशोबाने वर भाज्याच तरंगत होत्या. आईला मी सांगितलंच नाही आणि ते न सांगणं मला अजूनही बरं वाटत नाही. तिथे कार्ने म्हणजे मांस, पण बोलताना लोकांच्या डोक्यात कार्ने म्हणजे बीफ किंवा डुक्कर येतं, कोंबडी आणि मासा त्यात धरत नाहीत. म्हणून एकेक नाव घेऊन सांगायचं. हे कागदावर स्पॅनिशमध्ये लिहून, फोनमध्ये फोटो काढून ठेव: मी स्वेग्रा नो कोमे कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी मारिस्कोस, नी वेवो. म्हणजे माझ्या सासूबाई मांस, कोंबडी, मासे, कोळंबी-खेकडे, अंडं काहीच खात नाहीत. खाली अजून एक ओळ, सिन मान्तेका, सिन काल्दो दे पोयो, म्हणजे चरबी नको, कोंबडीचा रस्सा नको. पहिल्या दिवशी बुफेच्या हेड शेफला भेटून हे दाखव, वाढणाऱ्याला नाही, शेफला. ते मनापासून करतात गं, फक्त त्यांना नीट कळायला हवं.

मग उरतं काय तर बरंच. मक्याची तोर्तिया ही आपली भाकरीच, मका चुन्याच्या पाण्यात उकडून, वाटून, तव्यावर भाजलेली, त्यात चरबी घालत नाहीत, गव्हाच्या तोर्तियात मात्र असू शकते म्हणून आईंना मक्याचीच. त्यात परतलेली सिमला मिरची-कांदा, निवडुंगाच्या पानांची भाजी नोपालेस म्हणतात ती थोडी भेंडीसारखी बुळबुळीत लागते, ग्वाकामोले, हिरव्या टोमॅटोची चटणी, वर लिंबू. भाजलेलं कणीस मिळतं पण त्यावर मेयोनेज फासतात, त्यात अंडं, म्हणून नुसतं मीठ-तिखट-लिंबू मागायचं आणि ते चौपाटीवरच्यासारखंच लागतं. दहीभातासाठी योगुर नातुराल म्हणजे साधं दही आणि वाफवलेला पांढरा भात, तो एशियन काउंटरला सापडतो. फळं तर विचारूच नकोस. गोड पदार्थांत आईंना जवळजवळ सगळं बंद, फ्लान, केक, पुडिंग सगळ्यात अंडं, जेलीत आणि काही गोड दह्यात जिलेटिन. त्यांना गोडाची आवड असेल तर सीलबंद पाकिटातली सोनपापडी वगैरे बॅगेत टाक. ताजी फळं, भाज्या, बिया मात्र नेऊ नकोस, कस्टमला काढून घेतात.

एकादशीचं आधी कॅलेंडर बघ, सहा दिवसांत येतेय का. येत असेल तर घाबरू नकोस, रताळं तिथलंच आहे, कामोते म्हणतात, बटाटा आहे, फळं आहेत, दूध-दही आहे. शेंगदाणे पण तिथल्याच बाजूचे. आणि एक गोष्ट पुंता कानाच्या बाजूने सांगायला हवी, जेवणात तिकडे आईंना उलट बरं पडू शकतं. डॉमिनिकन लोकांचं घरचं खाणं म्हणजे हिरव्या केळ्याचं उकडून घोटलेलं मांगू, तळलेली केळी, आणि युका. युका म्हणजे ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा करतात तोच, सेलमच्या कारखान्यांतला साबुदाणा याच कंदाचा. तिकडे तो उकडून मिठाबरोबर खातात, त्याची कसाबे नावाची पातळ कडक भाकरीही करतात. उपासाला चालेल की नाही ते आईच ठरवतील, पण साबुदाण्याचं मूळ ताटात बघून त्यांना गंमत वाटेल एवढं नक्की. म्हणून तुझ्या नवऱ्याची निवड अगदीच टाकाऊ नाही, पुढे कधी तुम्ही चौघंच जाल तेव्हा जरूर जा. या वेळी गुडघा जिंकतो.

भारतीय जेवणाबद्दल एक आतली गोष्ट. कॅनकुन आणि रिव्हिएरा मायात अमेरिकेतल्या भारतीयांची लग्नं भरपूर होतात, त्यामुळे काही रिसॉर्टांत खरंच तयारीचं भारतीय स्वयंपाकघर असतं. ईमेल करताना नुसतं 'इंडियन फूड मिळेल का' असं विचारू नकोस, उत्तर कायम होच येतं. विचार असं की भारतीय आचारी रोज ड्युटीवर असतो का फक्त लग्न असेल तेव्हा बाहेरून येतो, आणि डाळ-भात बुफेला रोज असतो का. आणि त्याच ईमेलमध्ये हेही की आमच्या तारखांना मोठं लग्न आहे का, कारण असेल तर डाळ मिळेल पण पूलपाशी मध्यरात्रीपर्यंत डीजे पण मिळेल.

रिझर्व्हेशनचा नियम दोन्हीकडे विचारून घे. काही रिसॉर्टांत ऑर्डरच्या रेस्टॉरंटांत रोज जाता येतं, काहींत सहा रात्रींच्या मुक्कामाला तीनच वेळा, उरलेल्या रात्री बुफे. काहींत आधी नाव लावावं लागतं आणि सहा जणांचं टेबल उशिराचंच मिळतं. रिझर्व्हेशन नको आणि बुफे चांगला, हे मला १४ रेस्टॉरंटांपेक्षा कितीतरी मोलाचं वाटतं. बुफे दुपारच्या जेवणानंतर बंद होतो तेव्हा साडेचार वाजता काय उघडं असतं ते पण विचार, आणि रूम सर्व्हिस पॅकेजमध्ये आहे का, चोवीस तास का. बाबांचे मासे सोपे आहेत, तिथे ताजा मासा भाजून देतात, पण लॉबस्टर बहुतेक ठिकाणी वेगळे पैसे लावून असतो हे त्यांना आधीच सांग म्हणजे ऑर्डर दिल्यावर संकोच नको. आणि पुरुषांना संध्याकाळी काही रेस्टॉरंटांत लांब पँट आणि बंद बूट लागतात, सँडलवर आत घेत नाहीत. आईंची साडी कुठेही चालते, साडीकडे लोक कौतुकानेच बघतात.

चहाचं मी फार गांभीर्याने सांगते कारण पहाटे पाचचा चहा बिघडला की आईंचा दिवस बिघडतो आणि मग तुझाही. खोलीत कॉफीचं मशीन असतं, त्यातून चहाचं पाणी काढलं तर कॉफीचाच वास येतो. एडिसनहून एक छोटी इलेक्ट्रिक केटल घेऊन जा, तिथला प्लग आणि व्होल्टेज अमेरिकेसारखंच आहे, भारतातून आलेली असेल ती मात्र तिथे नीट तापणार नाही. चहा पावडर, साखर, वेलची, दुधाची पावडर. पाणी बाटलीतलंच, केटलमध्ये पण.

खोल्या. सहा माणसं म्हणजे दोन खोल्या लागतीलच. शेजारच्या आणि कनेक्टिंग यात फरक आहे, कनेक्टिंगला आतून दार असतं, ते हवं आणि 'रिक्वेस्ट' म्हणून नाही, कन्फर्म म्हणून लेखी घे. आई-बाबांच्या खोलीत बाथटब नको, टबाची कड ओलांडून आत पाय टाकणं गुडघ्याला वाईट आणि ओल्या मार्बलवर घसरण्याचं भय, सपाट शॉवर आणि भिंतीला धरायचा बार असलेली खोली माग. अजून एक, नव्या रिसॉर्टांत बाथरूमला काचेची भिंत किंवा अर्धंच दार असतं, नवीन जोडप्यांच्या दृष्टीने केलेलं, ते फोटोत नीट बघ, म्हातारी माणसं सहा दिवस अवघडून जातात आणि बोलत नाहीत. धुवायला जेट नसतो, प्रवासातला हाताने दाबायचा मिळतो तो घे, नाहीतर प्लॅस्टिकचा मग. स्विम-अप खोली, जिच्या पडवीतून थेट पूलमध्ये उतरता येतं, ती चार वर्षांचं मूल असताना मुळीच घ्यायची नाही, कितीही स्वस्त अपग्रेड देऊ दे. दुसरा-तिसरा मजला, लिफ्टजवळ, पण रंगमंचापासून लांब, कारण शो रात्री उशिरापर्यंत चालतात आणि आईंची झोप नऊला.

एप्रिलची सुट्टी ईस्टरला लागून असेल तर तो मेक्सिकोतला पण मोठ्या सुट्टीचा आठवडा, सेमाना सांता, तिथली कुटुंबंही समुद्रावर येतात. त्यामुळे सावलीतल्या खुर्च्या सकाळी लवकर भरतात. आई-बाबा पहाटे उठतातच, ते फिरायला गेले की तुमच्या सहा खुर्च्या होतील, बाबांना ते काम नक्की आवडेल.

पैशाचं. दारू घेणारं कोणी नाही म्हणजे बारचे पैसे तुम्ही फुकट भरताय, हा हिशोब तुझ्या मनात आला असेलच, आणि नुसत्या नाश्त्याचं हॉटेल घेऊन बाहेर जेवलं तर कदाचित थोडं स्वस्तही पडेल. तरी मी या वेळी ऑल-इन्क्लुझिव्हच सांगेन, आणि ते बाबांसाठी. भारतातून आलेले आपले वडीलधारे मेन्यूवर डॉलर बघतात आणि मनात रुपयांत गुणाकार करतात, मग म्हणतात मला सूपच पुरे. मी माझ्या वडिलांना असं न्यूयॉर्कमध्ये अर्धपोटी उठताना बघितलंय. मेन्यूवर किंमतच नसली की ती माणसं सुटतात, दुसऱ्यांदा मासा मागतात, नातवाला तिसरं आईस्क्रीम घेऊन देतात. १९५० मध्ये माजोर्का बेटावर अल्कुदियाला क्लब मेडने तंबू टाकून ही पद्धत सुरू केली त्यातली कल्पना हीच होती, सुट्टीभर खिशात हात घालायला नको. फक्त तुलना करताना पॅकेजच्या आकड्यात विमानतळ ते हॉटेल गाडी, टॅक्स, आणि कॅनकुनमध्ये हॉटेलवर प्रत्येक खोलीमागे दर रात्रीचं पर्यावरण शुल्क घेतात ते, हे सगळं धरून दोन्हीकडचा एकच आकडा काढ. टिपांसाठी एक-एक डॉलरच्या नोटा वेगळ्या काढून ठेव, पॅकेजमध्ये 'टिप समाविष्ट' लिहिलेलं असलं तरी जी बाई रोज खोली आवरते तिला द्यावी असं मला वाटतं. आणि कॅनकुनच्या विमानतळावर सामान घेऊन बाहेर पडताना एका हॉलमधून जावं लागतं, तिथे हसून हाका मारणारे टाइमशेअरवाले, म्हणजे सुट्टीच्या घरात दरवर्षीचे ठरावीक दिवस विकणारे, असतात, फुकट नाश्ता, फुकट टूर, त्यात तुमची अख्खी सकाळ जाते. गाडी आधी बुक करून ठेवायची आणि थांबायचं नाही. बाबांसाठी व्हीलचेअर विमान कंपनीकडे तिकिटाबरोबरच नोंदव, ते नको म्हणतील तरी.

कागदपत्रं दोन ओळीत: आई-बाबांचा अमेरिकेचा व्हिसा चालू आणि मल्टिपल एन्ट्री असेल तर मेक्सिकोला वेगळा व्हिसा लागत नाही, डॉमिनिकनलाही नाही, तिकडे फक्त ऑनलाइन ई-तिकीट फॉर्म भरायचा. बुकिंगच्या दिवशी सरकारी साईटवर नियम एकदा तपासून घे. परत येताना त्यांच्या भारतात जायच्या तिकिटाचा प्रिंट हाताशी ठेव. आणि त्यांचा व्हिजिटर इन्शुरन्स अमेरिकेबाहेर चालतो का ते कंपनीला लेखी विचार, बरेचदा चालत नाही किंवा तुटपुंजा चालतो.

फिरायला म्हणशील तर एकच दिवस बाहेर काढ. चिचेन इत्सा साधारण २०० किलोमीटर, जाऊन येऊन सहज पाच तास गाडीत आणि वर ऊन, बाबांना नको, नवरा मोठ्या मुलाला घेऊन जाऊ दे. सगळ्यांनी मिळून इस्ला मुहेरेसला बोटीने जा, प्लाया नोर्तेचं पाणी गुडघाभर आणि स्तब्ध. पण बाबांना एक गोष्ट नक्की सांग. ज्या चिकूवर घोलवडचं नाव झालं, जीआय टॅग मिळाला, तो चिकू मूळचा या युकातानच्या जंगलातला. चिकू हा शब्दच तिथल्या चिकोसापोते वरून आलाय, आणि याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंगगम बनायचं, त्याला चिक्ले म्हणतात. बुफेवाल्याला किंवा माळ्याला चिकोसापोते विचारायला सांग बाबांना. भाषा येत नसली तरी वाडीतला माणूस झाडापाशी गेला की बोलणं होतं.

आता राहिला तुझा शेवटचा प्रश्न, आईंना विचारायचं कसं. मला वाटतं तू त्यांना विचारतच नाहीयेस, तू त्यांच्या वतीने काळजी करतेयस, आणि ती त्यांना दिसत असणार, म्हणून त्यांना अडचण झाल्यासारखं वाटतंय. आज दुपारी चहा घेताना तो नकाशा त्यांच्यासमोर ठेव. म्हण, आई, इथे सहा दिवस तुम्हाला आणि मला दोघींनाही स्वयंपाक नाही, तर मला सांगा सकाळी काय लागतं, कुठल्या गोष्टीवाचून अडतं आणि कशाशिवाय चालतं. बघ त्या काय सांगतात. ज्या बाईने पन्नास वर्षं वेळेवर चूल पेटवली तिला जेवणाचं नियोजन तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त कळतं. शेफला भेटायला जाशील तेव्हाही त्यांना सोबत ने, तू स्पॅनिश कागद दाखव आणि त्या स्वतः बोट दाखवून सांगतील हे चालेल, हे नको. माझ्या आईला मी पाचव्या दिवशी असं नेलं, फार उशीर झाला होता, पण त्या शेफने तिला आत बोलवून मसाल्यांचे डबे उघडून दाखवले आणि तिने वास घेऊन जिरं ओळखलं, त्या रात्री तिला जिऱ्याची फोडणी दिलेला बटाटा मिळाला. तुम्ही पहिल्याच दिवशी जा.

किलोमीटर आणि खोलीच्या बाथरूमचा फोटो मला पाठव, बुकिंग करायच्या आधी.